दीर्घिकांचे आकार आणि विश्वाचा आरंभ : एक प्रस्तावना

२६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये दोन खगोलशास्त्रज्ञांनी एकाच व्यासपीठावरून दोन परस्परविरुद्ध विश्वे मांडली. हार्लो शॅप्ली यांचे म्हणणे असे, की आपली आकाशगंगा इतकी विशाल आहे की सारे विश्व तिच्यातच सामावते. दुर्बिणीतून दिसणाऱ्या सर्पिल अभ्रिका या तिच्याच आसपासच्या वायूच्या ढगांसारख्या काहीतरी असाव्यात. हीबर कर्टिस यांचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. आकाशगंगा शॅप्ली म्हणतात त्याहून पुष्कळ लहान आहे आणि प्रत्येक सर्पिल अभ्रिका हा अब्जावधी ताऱ्यांचा, आपल्या आकाशगंगेच्या तोडीचा स्वतंत्र संसार आहे, असे ते सांगत होते. त्या दिवशी निकाल लागला नाही. लागणे शक्यही नव्हते, कारण या अभ्रिका किती लांब आहेत हे मोजण्याचे साधनच तेव्हा कोणी त्यांच्यावर वापरलेले नव्हते. पुढे अभ्रिकांबाबत कर्टिस बरोबर ठरले, आणि सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून बराच दूर आहे हे शॅप्लींचे म्हणणे बरोबर ठरले.

या चर्चेला शंभर वर्षे उलटून थोडाच काळ झाला आहे. एवढ्या अवधीत आपल्या आकाशगंगेबाहेर अगणित दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, आहेत हे कळले, त्या एकमेकींपासून दूर जात आहेत हे कळले, विश्वाचे वय काढता आले आणि विश्व अगदी कोवळे असतानाचा प्रकाश यंत्रांवर टिपता आला. एका शतकात एवढी मजल मारणारी शास्त्रे फार नाहीत. आणि या सगळ्याची सुरुवात एका साध्या, चिकाटीच्या कामातून झाली: आकाशातले धूसर ठिपके नीट पाहायचे, त्यांचे आकार टिपायचे आणि त्यांची वर्गवारी लावायची.

दीर्घिकांचे प्रकार किती आणि विश्वाची सुरुवात कशी झाली, हे दोन प्रश्न पाठ्यपुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. पहिले प्रकरण चित्रांचे असते, दुसरे समीकरणांचे. विद्यार्थी पहिले पाठ करतात आणि दुसऱ्याला बिचकतात. ही फाळणी विषयावर अन्याय करते असे माझे ठाम मत आहे. दीर्घिकेचा आकार ही तिच्या आयुष्यात घडलेल्या घटनांची नोंद असते. ती नोंद मागे मागे वाचत गेले की आपण विश्वाच्या पहिल्या काही लाख वर्षांपर्यंत येऊन पोचतो. म्हणून या प्रस्तावनेत मी दोन्ही प्रश्न एकत्रच घेतले आहेत. वाचकाकडून अपेक्षा एवढीच, की शाळेतले गुरुत्वाकर्षण आणि प्रकाशाचा वर्णपट त्याला आठवत असावा. अंतरे प्रकाशवर्षांत येतील. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

अंतर मोजण्याची किल्ली सापडली ती हेन्रिएटा लेव्हिट यांना. हार्वर्डच्या वेधशाळेत त्या काम करत. पेरूमधल्या अरेक्विपा इथे घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांच्या काचा त्यांच्याकडे येत आणि त्या काचांवरच्या एकेका ताऱ्याचे तेज ठरवणे हे त्यांचे काम होते. मॅगेलनच्या दोन मेघांमध्ये, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन लहान दीर्घिकांमध्ये, त्यांना प्रकाश कमीजास्त होणारे शेकडो तारे सापडले. १९१२ मध्ये त्यांनी लहान मेघातल्या अशा २५ ताऱ्यांचा अभ्यास मांडला. जो तारा जास्त तेजस्वी, त्याला मंद होऊन पुन्हा उजळायला जास्त दिवस लागतात, असा स्वच्छ नियम त्यातून निघाला. हे सगळे तारे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावरचे. तेव्हा त्यांच्या तेजात दिसणारा फरक हा खराच फरक होता. वृषपर्वा तारकासमूहातल्या एका ताऱ्यावरून या ताऱ्यांना सेफीड म्हणतात. सेफीडचा आवर्तनकाळ मोजायचा, त्यावरून त्याचे मूळ तेज काढायचे, आणि दिसणारे तेज त्याच्याशी ताडायचे, की अंतर मिळते. विश्वाचे बरेचसे मापन आजही या पायरीवरून वर चढते. लेव्हिट १९२१ मध्ये गेल्या. त्यांच्या नियमाने पुढे दोनच वर्षांत काय घडवले ते त्यांना पाहायला मिळाले नाही. या शास्त्रातल्या थोर नावांमध्ये त्यांचे नाव पुढे भेटणाऱ्या हबल यांच्या शेजारी घेतले पाहिजे, खाली नव्हे.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीतल्या मोठ्या अभ्रिकेचे छायाचित्र घेतले. त्यावरचा एक ठिपका नवतारा समजून त्यांनी त्याच्याजवळ ‘एन’ हे अक्षर लिहिले. जुन्या काचा काढून पाहिल्या तर तोच तारा कधी उजळ तर कधी मंद होताना दिसला. तेव्हा ‘एन’ खोडून त्यांनी तिथे चलतारा असल्याची खूण केली, आणि पुढे उद्गारचिन्ह दिले. ती काच जपून ठेवलेली आहे. त्या ताऱ्याचा आवर्तनकाळ सुमारे ३१ दिवसांचा होता. लेव्हिट यांच्या नियमाने अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे निघाले. शॅप्लींनी आकाशगंगेला दिलेला अवाढव्य व्यासदेखील तीन लाख प्रकाशवर्षांचाच होता. देवयानीची अभ्रिका आकाशगंगेत बसणे शक्य नव्हते. १ जानेवारी १९२५ रोजी हबल यांचा निबंध सभेत वाचला गेला आणि विश्व एका दीर्घिकेचे राहिले नाही.

नऊ लाखांचा तो आकडा फार कमी होता. आज देवयानी दीर्घिकेचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते. हा फरक वाचकाने लक्षात ठेवावा. विश्वाच्या आरंभाबद्दलच्या वादात तो पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता आकारांकडे येऊ. सर्पिल आकार पहिल्यांदा पाहिला तो आयर्लंडमध्ये, लॉर्ड रॉस यांनी. १८४५ मध्ये आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून त्यांनी श्यामशबल तारकासमूहातल्या एका अभ्रिकेचे भोवऱ्यासारखे रूप कागदावर उतरवले. छायाचित्रांचा जमाना आल्यावर अशी रूपे शेकड्यांनी गोळा झाली. १९२६ मध्ये हबल यांनी त्यांची जी वर्गवारी केली तीच थोड्याफार फेरफारांनिशी आजही वापरात आहे. एका बाजूला लंबवर्तुळाकार दीर्घिका: जवळजवळ गोल दिसणारी असेल तर ‘ई शून्य’, सर्वांत चपटी असेल तर ‘ई सात’. दुसऱ्या बाजूला सर्पिल दीर्घिकांच्या दोन शाखा. एका शाखेत भुजा थेट मधल्या फुगीर भागापासून निघतात. दुसरीत मधून ताऱ्यांचा एक सरळ दंड गेलेला असतो आणि भुजा त्या दंडाच्या टोकांपासून सुरू होतात. या दोन शाखा जिथे लंबवर्तुळाकार दीर्घिकांना भेटतात तिथे भिंगाकार दीर्घिका येतात, ज्यांना तबकडी आहे पण भुजा नाहीत. सगळी आकृती प्रयोगशाळेतल्या नादकाट्यासारखी दिसते. ज्या कुठेच बसत नाहीत त्या अनियमित. मॅगेलनचे दोन्ही मेघ परंपरेने याच गटात धरले जातात.

आकृती सुबक आहे, आणि सुबक आकृतीचा एक धोका असतो. डावीकडून उजवीकडे पाहत गेले की वाटते, दीर्घिका गोल जन्मते, हळूहळू चपटी होते आणि शेवटी भुजा पसरते. विल्यम हर्शेल यांनी १७८९ मध्ये आकाशाला बागेची उपमा दिली होती: अंकुर, फूल, फळ आणि वाळलेले झाड हे सगळे बागेत एकाच वेळी दिसते, त्यावरून एका झाडाचे आयुष्य जोडता येते. नादकाट्याच्या आकृतीवर ही उपमा लावायचा मोह अनेकांना झाला आहे. पण दीर्घिकांच्या बाबतीत ती क्रमवारी चुकीची ठरली. दीर्घिकेचा आकार वयाने ठरत नाही. तिच्यात वायू किती शिल्लक आहे, ती किती फिरते आहे आणि आजवर कोणाकोणाशी तिची गाठ पडली आहे, यांवर तो ठरतो.

सर्पिल दीर्घिकेची तबकडी फिरते. आपली आकाशगंगा दंड असलेली सर्पिल दीर्घिका आहे. तिचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे, आणि सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर. एक फेरी पुरी करायला सूर्याला २३ कोटी वर्षांच्या आसपास लागतात. आतले तारे बाहेरच्यांपेक्षा लवकर फेरी पुरी करतात, म्हणजे भुजा जर त्याच त्या ताऱ्यांच्या बनलेल्या असत्या तर काही फेऱ्यांतच गुंडाळून नाहीशा झाल्या असत्या. १९६४ मध्ये सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी याचे उत्तर सुचवले. भुजा ही घनतेची लाट आहे. तारे तिच्यात शिरतात, थोडे दाटतात आणि बाहेर पडतात. वायूही तसाच दाबला जातो आणि त्यातून नवे तारे जन्मतात. त्यांतले सर्वांत मोठे, निळे, तळपते तारे काही दशलक्ष वर्षेच जगतात. भुजेबाहेर फारसे जाण्याआधीच ते संपतात. भुजा निळसर दिसतात त्या यामुळे. सगळ्याच सर्पिल दीर्घिकांना हे एक स्पष्टीकरण पुरत नाही, काहींच्या तुटक भुजांची कथा वेगळी आहे, पण दोन ठसठशीत भुजा असलेल्या दीर्घिकांचे वर्णन ते चांगले करते.

लंबवर्तुळाकार दीर्घिकांत चित्र पालटते. तिथे थंड वायू जवळपास उरलेला नसतो, नवे तारे क्वचितच जन्मतात, आणि असलेले तारे म्हातारे व तांबूस असतात. ते एकाच दिशेने फिरत नाहीत. प्रत्येकाची कक्षा निराळ्या प्रतलात. ही विस्कळीतता आली कुठून? १९७२ मध्ये अलार आणि जुरी टूमरे या भावांनी त्या काळच्या संगणकावर दोन दीर्घिकांना एकमेकींजवळून नेले आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या लांबलचक शेपट्या त्या गणितातून उमटल्या. दोन मोठ्या सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळल्या तर त्यांच्या तबकड्या मोडतात, वायू भराभर ताऱ्यांत खर्च होतो आणि मागे लंबवर्तुळाकार दीर्घिका उरते, ही कल्पना तेव्हापासून रुजली. १९८० मध्ये ॲलन ड्रेसलर यांनी दीर्घिकांच्या ५५ दाट समूहांचा अभ्यास केला. जितकी दाटी जास्त तितक्या लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दीर्घिका जास्त, सर्पिल कमी, असे त्यांना आढळले. शेजार कसा आहे यावर दीर्घिकेचे रूप ठरते. कन्या तारकासमूहातली एम ८७ ही अशीच दाट वस्तीतली महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिका. तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट आहे आणि एप्रिल २०१९ मध्ये जगाने पाहिलेले कृष्णविवराचे पहिले चित्र त्याचेच होते. केंद्रातली अशी कृष्णविवरे आसपासचा वायू तापवतात, बाहेर लोटतात आणि ताऱ्यांचा जन्म थांबवतात, असे आता दिसू लागले आहे. क्वेसार, म्हणजे केंद्रातल्या कृष्णविवरामुळे तळपणाऱ्या दीर्घिका, आणि इतर सक्रिय दीर्घिका हा त्याच कथेचा भाग आहे. त्याचा विस्तार इथे करत नाही.

दीर्घिकांचे वर्णपट घेण्याचे काम हबल यांच्याही आधी ॲरिझोनात व्हेस्टो स्लायफर यांनी सुरू केले होते. १९१४ पर्यंत त्यांनी पंधरा सर्पिल अभ्रिकांचे वेग मोजले. देवयानीसारख्या थोड्या आपल्याकडे येत होत्या. बहुतेकींच्या वर्णरेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या होत्या, म्हणजे त्या दूर जात होत्या. या सरकण्याला मराठीत ताम्रसृती म्हणतात. बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतावरून प्रसरण पावणाऱ्या विश्वाचे गणित मांडले आणि दूरची दीर्घिका जास्त वेगाने दूर जाईल असे दाखवले. रशियात अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्येच असे गणित केले होते. १९२९ मध्ये हबल यांनी निरीक्षणांतून तेच नाते मांडले आणि पुढे मिल्टन ह्युमसन यांच्या साथीने ते दूरवर नेले. ह्युमसन यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले. माउंट विल्सनवर खेचरांवरून सामान वाहण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि आपल्या काळातल्या सर्वांत दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट घेतले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने या नियमाला हबल–लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली, ते योग्यच झाले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दीर्घिका कुठल्या एका केंद्रापासून रिकाम्या अवकाशात फेकल्या गेलेल्या नाहीत. अवकाशच ताणले जात आहे. कोणत्याही दीर्घिकेवर बसून पाहिले तरी दूरच्या बाकीच्या सगळ्या दूर जाताना दिसतील. विश्वाचा आरंभ, म्हणजे महास्फोट, अमुक ठिकाणी झाला असे बोट दाखवता येत नाही. तो सर्वत्र झाला.

प्रसरण उलटे मोजले की सुरुवातीचा काळ मिळतो, आणि पहिली मोठी अडचण इथेच आली. हबल यांची अंतरे कमी पडत होती, त्यामुळे प्रसरणाचा वेग फार जास्त निघत होता, आणि विश्वाचे वय जेमतेम २०० कोटी वर्षे येत होते. पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने होते. लेकीपेक्षा आईचे वय कमी निघावे असा हा हिशेब होता. १९४८ मध्ये हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉयल यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला त्यामागे ही अडचण होतीच. विश्व प्रसरण पावते हे त्यांना मान्य होते. पण त्याला आरंभ नाही, दीर्घिकांच्या मधल्या जागेत नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते आणि विश्वाचे रूप सदासर्वकाळ सारखेच राहते, असे ते म्हणत. त्याच वर्षी जॉर्ज गॅमॉव्ह आणि राल्फ आल्फर यांनी उलट दिशेने, अतितप्त आरंभातून पहिली मूलद्रव्ये कशी घडली असतील याचा विचार मांडला. आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी त्या उष्णतेचा निवलेला अंश आजही विश्वात भरून असावा असे भाकीत केले. १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवले की सेफीड तारे दोन जातींचे असतात आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे अंतरे निम्म्याने कमी धरली गेली होती. विश्वाचे वय एका फटक्यात दुप्पट झाले आणि पुढच्या सुधारणांनी आणखी वाढत गेले.

हा वाद मराठी वाचकाच्या जवळचा आहे. १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले आणि बनारसमध्ये शिकलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉयल यांचे विद्यार्थी झाले ते या वादाच्या ऐन भरात. मार्टिन राइल यांनी रेडिओ उगमांची मोजणी करून, दूरच्या म्हणजेच जुन्या काळातल्या विश्वात असे उगम जास्त दाटीने होते, विश्वाचे रूप बदलत आले आहे, असा दावा केला. त्याला उत्तर देण्याचे काम हॉयल यांच्याबरोबर तरुण नारळीकरांनी केले. १९६४ मध्ये दोघांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत प्रसिद्ध झाला. नारळीकर १९७२ मध्ये भारतात परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. १९९३ मध्ये हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर स्थितीच्या सिद्धांताची सुधारित मांडणी केली. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘आकाशाशी जडले नाते’ वाचून आकाशाकडे वळलेल्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत, आणि ज्यांनी त्यांना महास्फोट समजावून सांगितला ते स्वतः महास्फोटाचे जगातले एक अभ्यासू विरोधक होते. मी हे मुद्दाम लिहितो आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे, पूर्ण ताकदीने मांडायचे आणि मग पुरावा मागायचा, ही रीत त्यांनी मराठी वाचकाला शिकवली. या विषयात शिरणाऱ्याला त्याहून चांगली शिदोरी नाही.

पुरावा मात्र दुसऱ्या बाजूने साचत गेला. १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या होमडेल इथे आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांना त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या रेडिओ अँटेनात एक मंद गुरगुर ऐकू येऊ लागली. शिंग कुठेही वळवा, ती तेवढीच. पुढच्या वर्षी तिचा अर्थ लागला: हा आल्फर आणि हर्मन यांनी सांगितलेला निवलेला प्रकाश. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने त्याचे तापमान मोजले, २.७२५ केल्विन, म्हणजे शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सियस. आणि त्याचा वर्णपट एकाच तापमानाच्या तापलेल्या वस्तूचा असावा तसा, अत्यंत नेमका निघाला. ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा उत्सर्जित केला असेल, असे पर्यायी उत्तर नारळीकर आणि सहकाऱ्यांनी दिले होते. पण एवढी अचूकता, त्यातले बारीक चढउतार, आणि विश्वातल्या सामान्य द्रव्याच्या वस्तुमानात सुमारे एक चतुर्थांश हेलियम असणे, या तिन्हींचे उत्तर एका दमात देणारा दुसरा सिद्धांत आज नाही. विश्वाला अतितप्त, अतिदाट बालपण होते हे मी सिद्ध झालेले मानतो. त्या बालपणाच्याही आधी काय होते, काळाला पहिला क्षण होता का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो सुटलेला नाही. पहिल्या अतिसूक्ष्म क्षणात विश्व प्रचंड वेगाने फुगले ही ॲलन गूथ यांची कल्पना प्रभावी आहे, पण तिला निर्णायक पुरावा अजून मिळायचा आहे. सिद्ध झालेले बालपण आणि त्याआधीचा न सुटलेला प्रश्न, या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

दीर्घिकांचे आकार आणि विश्वाचा आरंभ हे दोन्ही प्रश्न एकमेकांना भेटतात ते त्या प्रकाशातल्या बारीक चढउतारांपाशी. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियमची अणुकेंद्रके तयार झाली. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान ३००० केल्विनपर्यंत उतरले, इलेक्ट्रॉन अणूंत स्थिरावले आणि प्रकाश मोकळा झाला. तोच आज आपल्यापर्यंत येतो. त्याचे तापमान आकाशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात साधारण लाखात एक एवढेच बदलते. कोबेने १९९२ मध्ये हा फरक पकडला; नंतर डब्ल्यूमॅप आणि प्लांक या उपग्रहांनी त्याचे तपशीलवार नकाशे केले आणि विश्वाचे वय १३८० कोटी वर्षांवर आणून ठेवले. जिथे द्रव्य लाखात एक एवढेच जास्त होते, तिथे गुरुत्वाकर्षणाने आणखी द्रव्य ओढले, आणि तिथेच पुढे दीर्घिका झाल्या. दीर्घिकांच्या जागा त्या नकाशात आधीच आखलेल्या होत्या.

फक्त दिसणारे द्रव्य हिशेबात धरले तर हे जुळत नाही. एवढ्या कमी फरकातून एवढ्या वेळात दीर्घिका उभ्या राहात नाहीत. कमी पडणारे द्रव्य दीर्घिकांनीच दाखवून दिले. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये अरुंधती केश तारकासमूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहून, त्यांना एकत्र बांधून ठेवणारे अदृश्य द्रव्य असले पाहिजे असे सांगितले होते. त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या कडेकडेचे वेग मोजले. केंद्रापासून दूर जाताना वेग उतरायला हवा होता. तो उतरत नव्हता. दिसणाऱ्या तबकडीभोवती न दिसणाऱ्या द्रव्याचे मोठे वेष्टन आहे, असा अर्थ त्यातून आणि पुढच्या अनेक निरीक्षणांतून निघाला. आजच्या हिशेबात विश्वात सामान्य द्रव्य सुमारे ५ टक्के, हे न दिसणारे कृष्णद्रव्य २७ टक्के आणि प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जा ६८ टक्के. आधी कृष्णद्रव्याचे गोळे जमले, त्यांच्यात वायू ओढला गेला, तो निवत आत उतरताना फिरू लागला आणि चपटा झाला, म्हणून तबकड्या. लहान गोळे मोठ्यांत मिसळत गेले. म्हणून लंबवर्तुळाकार दीर्घिका. हबलच्या आकृतीतल्या शाखांमागचे मूळ हे आहे.

दूर पाहणे म्हणजे जुने पाहणे, त्यामुळे दीर्घिकांचे बालपण आपल्याला प्रत्यक्ष पाहता येते. डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने विश्व सुमारे ३० कोटी वर्षांचे असतानाच्या दीर्घिका दाखवल्या आहेत, आणि त्या अपेक्षेपेक्षा तेजस्वी आहेत. २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी याच दुर्बिणीच्या माहितीत एक सर्पिल दीर्घिका शोधली आणि तिला अलकनंदा हे नाव दिले. विश्व सुमारे १५० कोटी वर्षांचे असतानाची ही दीर्घिका, आणि तिला दोन रेखीव भुजा आहेत. इतक्या लवकर तबकडी स्थिरावून भुजा उमटतील असे मानले जात नव्हते. जुन्या दीर्घिका बेढब, नव्या सुघड, ही सोपी मांडणी आता जपून वापरावी लागेल. विश्वाच्या प्रसरणाचा आजचा वेगही दोन रीतींनी मोजला की दोन उत्तरे देतो: आरंभाच्या त्या निवलेल्या प्रकाशावरून सुमारे ६७, सेफीड आणि स्फोटक ताऱ्यांवरून सुमारे ७३ किलोमीटर दर सेकंदाला, दर मेगापार्सेकला (हे प्रकाशवर्षाहून बरेच मोठे अंतराचे एकक). हा फरक मोजमापातला आहे की सिद्धांतातला, यावर आज जोरात काम चालू आहे.

यातले काही काम आपल्या दारात होते. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची जी लहर सोडतो ती दूरच्या दीर्घिकेतून ताणली जाऊन येते, आणि ती टिपण्यात ही दुर्बीण जगात अग्रेसर आहे. २०२० मध्ये आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला. तेव्हाच्या वेगाने तारे जन्मत राहिले असते तर तो वायू एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता, असे त्यातून दिसले. ताऱ्यांचा जन्मदर त्यानंतर का घसरला, या प्रश्नाचे उत्तर देण्यात खोडदचा हा वाटा आहे.

या विषयात यायला स्वतःची मोठी दुर्बीण लागत नाही. स्लोन आकाश सर्वेक्षणाची आणि हबल, जेम्स वेब या दुर्बिणींची माहिती सर्वांसाठी खुली आहे. अलकनंदा अशाच माहितीत सापडली. २००७ मध्ये सुरू झालेल्या गॅलेक्सी झू या उपक्रमात लाखांवर सामान्य लोकांनी सर्वेक्षणातल्या दीर्घिकांचे आकार डोळ्यांनी पाहून ओळखले, आणि हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला त्यात एका दीर्घिकेजवळ चमकणारा वायूचा एक अनोखा ढग सापडला. हा विषय शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझे आग्रहाचे सांगणे असे: पुढची प्रकरणे वाचायच्या आधी स्लोनच्या संग्रहातल्या शंभर दीर्घिका स्वतः पाहा, प्रत्येकीचा प्रकार वहीत लिहा, आणि जिचा प्रकार ठरवता येत नाही तिच्यापुढे, शेवटच्या रकान्यात, का ठरवता येत नाही तेही लिहा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जीएमआरटी लोकांसाठी खुली असते, तेव्हा खोडदला जाऊन या. आणि भौतिकशास्त्र किंवा गणित शिकत असाल तर वहीतल्या शेवटच्या रकान्यापासून कामाला लागा.